पुस्तक विकत घेण्याआधी: कोणती पानं उघडायची आणि त्यात काय पाहायचं

पुस्तक हातात आलं की नवखा वाचक बहुतेक वेळा तीन गोष्टी पाहतो: मुखपृष्ठ, लेखकाचं नाव आणि मलपृष्ठावरचा मजकूर. या तिन्ही गोष्टी पुस्तक खपावं म्हणून तयार केलेल्या असतात. पुस्तक आतून कसं आहे हे सांगणारी पानं वेगळी. शीर्षकपानामागचं बारीक अक्षरातलं पान, शेवटची सूची आणि मधलं कुठलंही एक पान. ती वाचायला दहा मिनिटं पुरतात.

हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण चुकीचं पुस्तक घेतलं की पैसे जातात ते जातातच, पण नवा वाचक दोष स्वतःला देतो. ‘मला वाचनच जमत नाही’ असं म्हणून तो वाचन सोडतो. प्रत्यक्षात कित्येकदा अनुवाद कच्चा असतो, टाइप बारीक असतो किंवा पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेलंच नसतं.

जवळ काय असावं

- वाचायच्या पुस्तकांची यादी. प्रत्येक नावापुढे लेखक, अनुवादक, कुणी सुचवलं आणि का सुचवलं एवढं लिहा. ‘का’ लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी ते नाव यादीत कसं आलं हेच आठवत नाही.
- घरातल्या कपाटाचे फोटो, पुस्तकांचे कणे वाचता येतील असे. तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेणं ही फार नेहमीची चूक आहे. जुनं पुस्तक नव्या नावाने आलं तर हमखास होते.
- वाचायचा चष्मा, लागत असेल तर. तो घरी विसरून टाइपचा आकार ठरवू नका.
- मोबाइल, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक पडताळायला.

१. पुस्तक कशासाठी हवं ते एका वाक्यात लिहा

‘इतिहासाचं काहीतरी’ हे वाक्य नव्हे. ‘पहिलं महायुद्ध का पेटलं हे मला पहिल्यांदाच समजून घ्यायचं आहे’ हे वाक्य. त्यातल्या ‘पहिल्यांदाच’ या शब्दानेच निम्मी निवड होते, कारण तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेले जाडजूड ग्रंथ आपोआप बाजूला पडतात. कथा-कादंबरीसाठीही असं वाक्य लिहा: झोपण्यापूर्वी वीस मिनिटं वाचायला, प्रवासात सलग वाचायला, की सावकाश पुन्हापुन्हा वाचायला. झोपण्यापूर्वीच्या वीस मिनिटांना कथासंग्रह बरा. चाळीस पात्रांची कादंबरी तिथे टिकत नाही. रोज मागची पानं उलटत ‘हा कोण होता?’ शोधावं लागतं.

२. शिफारस तोलून घ्या

शिफारस करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘यातलं तुम्हाला काय आवडलं?’ उत्तरात एखादा प्रसंग, एखादं पात्र किंवा एखादा मुद्दा आला, तर पुस्तक वाचलेलं आहे. ‘छानच आहे, वाचाच’ एवढ्यावर थांबलं, तर ते नाव यादीत राहू द्या, पिशवीत नको.

मलपृष्ठावरच्या स्तुतीला ‘ब्लर्ब’ म्हणतात. जिलेट बर्जेस या अमेरिकी लेखकाने १९०७ साली अशा अतिस्तुतीची थट्टा करायलाच हा शब्द आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर वापरला, आणि पुढे तो त्याच मजकुराचं रूढ नाव झाला. ब्लर्बमधून विषय घ्या, विशेषणं सोडून द्या. स्तुती या पुस्तकाची आहे की लेखकाच्या आधीच्या पुस्तकाची, तेही पाहा. अवतरणात मधेच टिंबं असतील तर तिथलं काहीतरी गाळलेलं आहे.

पुरस्काराच्या शिक्क्याचंही तसंच. ‘पुरस्कारविजेत्या लेखकाची कादंबरी’ याचा अर्थ ही कादंबरी पुरस्कारविजेती आहे असा नाही. दीर्घ यादी (पहिल्या फेरीत निवडलेली पुस्तकं), लघुयादी (त्यांतून पुढे निवडलेली मोजकी) आणि विजेता यांतही फरक असतो आणि शिक्का लांबून तिन्हींचा सारखाच दिसतो.

ऑनलाइन ताऱ्यांची सरासरी फारशी कामाची नाही. फार आवडलेले आणि फार चिडलेले लोकच जास्त लिहितात, त्यामुळे मत दोन्ही टोकांना गोळा होतं. तीन तारे देणाऱ्यांचं वाचा. काय जमलं आणि कुठे पुस्तक ढेपाळलं, हे दोन्ही तेच लिहितात. एक तारा दिलेल्या तक्रारींतून पार्सल फाटलं, उशिरा आलं या तक्रारी वगळा. मात्र ‘पानं गायब’, ‘छपाई पुसट’ अशी तक्रार तीन-चार जणांनी अलीकडेच केली असेल तर ती प्रत घेऊ नका.

इथे एक सापळा आहे. अनेक संकेतस्थळांवर एकाच पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय एकत्र दाखवले जातात. तुम्ही वाचता ती स्तुती एका अनुवादाची असते आणि घरी येतो तो भलताच अनुवाद.

३. तपशिलाचं पान वाचा

शीर्षकपान उलटलं की मागे बारीक अक्षरांचं पान असतं: प्रकाशक, हक्क, आवृत्ती, आयएसबीएन. एकच पान नीट वाचायचं ठरवलं तर हे वाचा. त्यात पाहायच्या गोष्टी अशा:

मूळ प्रकाशनाचं वर्ष. मुखपृष्ठ कोरं करकरीत असलं तरी मजकूर चाळीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. कादंबरीला त्याने काही बिघडत नाही. विज्ञान, आरोग्य, कायदा, करप्रणाली आणि संगणक या विषयांत मात्र बिघडतं.

आवृत्ती की पुनर्मुद्रण. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणं. नवी आवृत्ती म्हणजे मजकुरात बदल. पण पुष्कळदा नुसत्या पुनर्मुद्रणालाही ‘आवृत्ती’ म्हटलं जातं. म्हणून ‘सुधारित’ किंवा ‘विस्तारित’ हा शब्द शोधा आणि तो सापडला की प्रस्तावनेत नेमकं काय सुधारलं ते लिहिलंय का पाहा. खरोखर काम केलेला लेखक ते आवर्जून सांगतो: दोन प्रकरणं नवी, अमुक आकडे अद्ययावत. काही प्रकाशक शब्दांऐवजी ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३’ अशी आकड्यांची ओळ छापतात. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. या उदाहरणात तिसरी.

आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. त्यामुळे पुस्तक मागवताना नावापेक्षा क्रमांकावर विसंबा. जुन्या यादीत १० अंकी क्रमांक असेल आणि दुकानदार १३ अंकी दाखवत असेल, तर घाबरू नका. जुन्याचे पहिले नऊ अंक नव्यात ९७८ च्या पुढे जसेच्या तसे असतात, शेवटचा पडताळणीचा अंक तेवढा बहुधा बदलतो.

आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द. तो मुखपृष्ठावर क्वचितच सापडतो. सापडलाच तर इथे, बारीक अक्षरात.

४. पहिलं पान सोडा, मधलं उघडा

पहिलं पान लेखकाने आणि संपादकाने वीस वेळा घासलेलं असतं. म्हणून पुस्तक दोन-तृतीयांशाच्या आसपास उघडा. ३०० पानांचं असेल तर १९० ते २१० च्या दरम्यान कुठेही. सलग दोन पानं वाचा, चाळू नका.

कादंबरीत काय पाहायचं? गोष्ट समजणार नाही, ती समजायची गरजही नाही. बोलणारी माणसं वेगवेगळी ऐकू येतात का ते पाहा. संवादातली नावं बोटाने झाकून वाचा. कोण बोलतंय याचा अंदाज तरीही येत असेल तर लेखकाचा कान चांगला आहे. सगळे एकाच आवाजात बोलत असतील तर पुढची शंभर पानंही तशीच जाणार. दुसरं म्हणजे, पान संपल्यावर उलटावंसं वाटलं का? हा प्रश्न फार प्रामाणिकपणे विचारा. ‘वाचायला हवं’ आणि ‘वाचावंसं वाटतंय’ यांतला फरक याच क्षणी कळतो, नंतर कपाट भरल्यावर नाही.

कवितासंग्रह असेल तर तीन कविता वेगवेगळ्या ठिकाणच्या, मनातल्या मनात पण पूर्ण उच्चार करत वाचा. एक जरी पुन्हा वाचावीशी वाटली तर घ्या.

त्याच दोन पानांत मुद्रणदोषही मोजा. एखादा सुटतो, तो माफ. दोन पानांत चार सापडले तर मुद्रितशोधन झालेलंच नाही. ज्यांनी अक्षरं तपासली नाहीत त्यांनी तारखा आणि आकडे तपासले असतील यावर विश्वास ठेवू नका.

मुलांसाठी पुस्तक निवडताना पाच बोटांची रीत चांगली आहे. मुलाला एक पान वाचू द्या आणि अडेल त्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटू द्या. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. दोन-तीन मिटली तर त्याने स्वतः वाचायचं.

५. माहितीपर पुस्तकाची झडती घ्या

अनुक्रमणिकेवरून पुस्तकाचा आवाका कळतो, पण खरी परीक्षा शेवटच्या पानांत आहे. शब्दसूची आहे का? दोनशे पानांपेक्षा मोठ्या माहितीपर पुस्तकाला ती नसेल तर हवी ती गोष्ट पुन्हा शोधताना दरवेळी पानं उलटत बसावं लागेल. सूची असेल तर तुम्हाला चांगला ठाऊक असलेला एक शब्द तिच्यात शोधा आणि त्या पानावर जा. तिथे त्या विषयाबद्दल खरंच काही सांगितलंय, की नुसता उल्लेख आहे?

मग जे तुम्हाला पक्कं माहीत आहे तेच वाचा. तुम्ही परिचारिका असाल तर रक्तदाबाचं पान, शेतकरी असाल तर मातीचं. तुमच्या ओळखीच्या प्रांतात लेखक चुकत असेल तर अनोळखी प्रांतात तो बरोबर असेल असं मानायचं कारण नाही.

विषय ओळखीचा नसला तरी विज्ञानाच्या पुस्तकांचं वय ओळखायच्या काही खुणा आहेत. खगोलाच्या पुस्तकात ग्रह नऊ दिले असतील तर मजकूर ऑगस्ट २००६ च्या आधीचा. तेव्हा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रहांत टाकलं. रसायनाच्या पुस्तकात ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नावं नसतील तर ते २०१६ पूर्वीचं. किलोग्रॅमची व्याख्या अजूनही धातूच्या ठोकळ्यावरून दिलेली असेल तर ती २० मे २०१९ च्या आधीची. तपशिलाच्या पानावर ताजं वर्ष असून आत या जुन्या गोष्टी असतील, तर ‘सुधारित आवृत्ती’ नावापुरतीच आहे.

तळटीपा आणि संदर्भसूचीही पाहा. संदर्भ मूळ कागदपत्रांचे आणि शोधनिबंधांचे आहेत की इतर लोकप्रिय पुस्तकांचेच? ‘संशोधनातून सिद्ध झालं आहे’ या वाक्याशेजारी टीप नसेल, आणि असं पानोपानी होत असेल, तर पुस्तक खाली ठेवा.

६. अनुवाद असेल तर चार प्रश्न

अनुवादकाचं नाव कुठे आहे? ते शीर्षकपानावर नसेल आणि आतही शोधूनच सापडत असेल, तर त्या कामाला प्रकाशकाने किती किंमत दिली ते दिसतंच. मूळ भाषेतून केलाय की मधल्या भाषेतून? रशियन कादंबरी इंग्रजीवरून आली असेल तर इंग्रजी अनुवादकाचे निर्णयही तिच्यासोबत आलेले असतात. मूळ शीर्षक दिलंय का? आणि हा नेमका कोणता प्रकार आहे: अनुवाद, भावानुवाद, स्वैर अनुवाद, रूपांतर की संक्षिप्त रूपांतर? हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण वाचकासाठी त्यांत फार मोठं अंतर आहे. रूपांतरात पात्रांची नावं आणि गावंसुद्धा बदललेली असू शकतात.

मग एखादा रागाचा किंवा विनोदाचा संवाद काढून वाचा. वर्णन कसंही निभावतं, भांडण आणि विनोद निभावत नाहीत. ‘त्याने आपले खांदे उडवले’, ‘मी तुला पुरेसे धन्यवाद देऊ शकत नाही’ अशी वाक्यं दिसली की समजा, अनुवादक शब्द बदलत गेला, भाषा नाही.

एकाच ग्रंथाचे दोन-तीन अनुवाद उपलब्ध असतील तर तिन्हींतला तोच परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. पाच मिनिटांत निर्णय होतो.

७. टाइप, कागद, बांधणी

टाइप हातभर अंतरावरून वाचून पाहा. देवनागरी मजकूर साधारण १२ ते १४ पॉइंटांत सुखाने वाचता येतो. ओळी चिकटलेल्या असतील, वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना टेकत असतील, तर चांगलं पुस्तकही डोळे दुखवतं. पानांची संख्या कमी ठेवायला असं केलं जातं.

कागदावर मागच्या बाजूची अक्षरं वाचताना मधे येतात का पाहा. मजकुरासाठी ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पुरेसा असतो. जपून ठेवायचं पुस्तक असेल तर तपशिलाच्या पानावर ‘आम्लरहित कागद’ असा उल्लेख किंवा वर्तुळातली आडव्या आठाची खूण शोधा. आम्लयुक्त कागद पिवळा पडतो आणि पुढे दुमडल्या जागी तुटतो.

बांधणी ओळखायला पुस्तक उभं धरून कण्याकडे वरून पाहा. पानांच्या घड्या छोट्या कमानींसारख्या ओळीने दिसत असतील आणि आत घडीच्या मध्यावर दोरा दिसत असेल, तर ती शिलाई. कमानी न दिसता सुट्या पानांच्या कडा सरळ डिंकात बसलेल्या असतील तर ते परफेक्ट बाइंडिंग. एकदा वाचायच्या कादंबरीला ते चालतं. शब्दकोश, पाककृती, अभ्यासाचं पुस्तक यांना शिलाईच हवी. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. फटकन मिटलं, तर शेजारी वही ठेवून अभ्यास करताना ते तुम्हाला रोज छळणार.

चोरट्या छपाईची लक्षणंही इथेच दिसतात: मुखपृष्ठाचे रंग फुगलेले, कण्यावरची अक्षरं मध्यापासून सरकलेली, आतली छायाचित्रं काळीठिक्कर, समास तिरके कापलेले. अशी प्रत घेतली की लेखक, अनुवादक कुणालाच काही मिळत नाही.

८. न पाहता घेताना

ऑनलाइन नमुना बहुधा सुरुवातीच्या पानांचाच असतो. अर्पणपत्रिका, मनोगत, प्रस्तावना यांतच तो संपतो. मधलं पान मिळत नसेल तर ग्रंथालयातून प्रत आणून पाहा.

पानांची संख्या जरूर पाहा. मूळ ग्रंथ ४५० पानांचा आणि ही प्रत ६० पानांची असेल, तर तो कुणीतरी काढलेला सारांश आहे. अशा सारांशांची मुखपृष्ठं मुद्दाम मूळ पुस्तकासारखी केलेली असतात. हक्क संपलेल्या जुन्या ग्रंथांच्या स्कॅन करून छापलेल्या प्रतींतही तिरकी पानं, गायब नकाशे, चुकीची अक्षरं असतात. लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात आणि कित्येक देशांत ६० किंवा ७०. त्यानंतर मजकूर मोफत मिळू शकतो. त्यासाठी पैसे मोजायचे तर टिपा, चांगली प्रस्तावना, नीट छपाई यासाठी मोजा.

ई-पुस्तक लहान पडद्यावर वाचणार असाल तर ईपब या प्रकारची फाइल घ्या, कारण अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने बसतात. पीडीएफमध्ये पानच मोठं होतं आणि तुम्ही डावी-उजवीकडे सरकत राहता. तक्ते, नकाशे आणि कविता मात्र ईपबमध्ये मोडतात, त्या कागदावरच बऱ्या. आणि बहुतेक ठिकाणी ई-पुस्तक ‘विकत घेणं’ म्हणजे वाचायचा परवाना घेणं असतं. तो दुसऱ्याला देता येईल असं गृहीत धरू नका.

श्राव्य पुस्तक अखंड आहे का हे वेळेवरून ताडता येतं. ३०० पानं, पानाला ३०० शब्द धरले तर ९०,००० शब्द होतात. मिनिटाला १५० शब्दांनी ते वाचायला सुमारे १० तास लागतात. तेच पुस्तक चार तासांत संपत असेल तर त्यात कात्री चाललेली आहे.

९. जुनं पुस्तक

आधी वास घ्या. कोंदट वास आणि पानांवर मऊ ठिपके म्हणजे बुरशी. ती कपाटातल्या इतर पुस्तकांना लागते, म्हणून कितीही हवंसं असलं तरी नको. कसरीने केलेली बारीक भोकं कण्याजवळ पाहा. चित्रसूची असेल तर चित्रं मोजा. सुटी पानं आणि घडीचे नकाशे सर्वांत आधी हरवतात. पेन्सिलीच्या खुणा चालतात, पण फ्लोरोसंट शाईच्या रेघांवर डोळा सतत अडकतो.

१०. वेळेचा हिशेब

त्याच प्रकारच्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचा. १८ मिनिटं लागली तर ३०० पानांना ९ तास लागतील. रोज अर्धा तास मिळत असेल तर १८ दिवस. या हिशेबाने घरातली न वाचलेली पुस्तकं किती महिन्यांची आहेत ते काढा. मालिका असेल तर पहिला खंड संपेपर्यंत दुसरा घेऊ नका. संच स्वस्त पडतो म्हणून घेतलेल्या संचांतले शेवटचे खंड कोरेच राहतात.

११. घरी आणल्यावर

पावती जपा आणि परत करायची मुदत पाहा. मोठे कागद छापून, घड्या घालून पुस्तक बनतं. अशा एका घडीला फर्मा म्हणतात आणि तो बहुधा १६ पानांचा असतो. चूक होते ती अख्ख्या फर्म्याची: एक गायब, एक दोनदा, एक उलटा. म्हणून वाचायला घेण्याआधी १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे पृष्ठांक तपासत शेवटपर्यंत जा. वाटेत कोरी पानं आणि न कापलेल्या कडाही दिसतील. दोष सापडला तर त्या पानाचा आणि तपशिलाच्या पानाचा फोटो काढून विक्रेत्याकडे प्रत बदलून मागा. अशी प्रत बदलून मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. हे सगळं तपासून होईपर्यंत पहिल्या कोऱ्या पानावर नाव घालू नका.